पावडर, दोरी की हात?

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे चादरबाई म्हणत. वीस वर्षं ओल्या चादरी उपसून कंबर बोलायला लागली होती. मुकादमाची जागा रिकामी झाली, पण ती दहावी पास बाईलाच मिळणार होती. गणितात ती दोनदा आपटली होती. तिसऱ्यांदाही आपटली असती, तर निवृत्तीपर्यंत चादरीच उपसाव्या लागल्या असत्या.

त्याच सुमारास थोरली नणंद पाय मोडून घेऊन दीड महिना मुक्कामाला आली. नणंद गणिताची निवृत्त शिक्षिका, जीभ धारदार. दोघींचं कधी फारसं पटलं नव्हतं.

"क्ष बघितला की माझं डोकं बंद पडतं, वन्सं."

"आठ चादरींना पावडर किती घालतेस?"

"तीन मापं."

"वीस चादरींना?"

"साडेसात."

"कशावरून?"

"आठांना तीन, म्हणजे चारांना दीड. आणि वीसांत चार येतात पाच वेळा."

"मग घाबरतेस कुणाला? न घातलेली पावडर म्हणजे क्ष. आता सांग, दोरीवर पाच चादरी दोन तासांत वाळतात. दहा चादरी एकदम टाकल्यास तर?"

"चार तास," चादरबाई झटकन म्हणाली.

नणंद इतकी हसली की प्लास्टरातला पाय हलून कळ आली. "का गं, चादरी रांग लावून वाळतात?"

चादरबाई आधी फुरंगटली, मग तीही हसत सुटली. तेव्हापासून उदाहरण समोर आलं की ती स्वतःला विचारी: पावडर, दोरी की हात? पावडर चादरींबरोबर वाढते, दोरीवरचा वेळ आहे तेवढाच राहतो आणि हात वाढले की वेळ घटतो. पुस्तकवाल्यांनी यासाठी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत.

परीक्षेत शेवटचं उदाहरण आलं: सहा जणी एक काम चाळीस मिनिटांत करतात, तर आठ जणी किती वेळात करतील? सवयीने तिने पावडरीसारखं मांडलं. उत्तर आलं त्रेपन्न आणि वर काहीतरी. ती थबकली. दोन बाया वाढल्या आणि वेळही वाढला? मग त्या काय गप्पा मारायला आल्या होत्या? तिने सगळं खोडलं. एकटीला लागतील दोनशे चाळीस मिनिटं, ती आठ जणींत वाटली की तीस.

निकाल लागला. गणितात सदतीस. त्या उदाहरणाला तीन गुण होते आणि पास व्हायला पस्तीस लागत.

गुणपत्रिका घेऊन ती थेट नणंदेच्या घरी गेली. नणंद आता काठी टेकत चालत होती. चादरबाईने वाकून नमस्कार केला, तो नेमका त्या मोडक्या पायालाच.

"वन्सं, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचा पाय मोडला म्हणून मी मुकादम झाले."

"दुसराही मोडला असता तर चौऱ्याहत्तर पडले असते का गं?"

"छे," मुकादमबाई म्हणाली, "ते दोरीचं गणित आहे."