गोगलगायींसाठी नेलपॉलिश

नेलपॉलिश बाबांनी आमच्या उज्जैनच्या घरात कधी येऊ दिलं नाही. ते शाळेत गणित शिकवायचे आणि 'नखरे' हा शब्द दिवसातून चारदा वापरायचे. बीएस्सीला असताना मी मैत्रिणीकडून नखं रंगवून आले, तर त्यांनी हातात ब्लेड देऊन मला अंगणात बसवलं. रंग निघता निघेना. तीन दिवस राखेने भांडी घासली तरी कडांना लाल राहिलंच.

पुढे मी समुद्रकाठच्या एका विद्यापीठात पर्यावरण आणि उत्क्रांती शिकायला गेले. खडकांवर बोराएवढ्या गोगलगायी असतात. वरच्या कपारीतल्या कायम वरच राहतात, की भरतीबरोबर खाली-वर हिंडतात, हा माझा विषय. त्यासाठी प्रत्येकीच्या शंखावर खूण हवी. मी शाई लावली, ऑइलपेंट लावला; दोन भरत्यांत सगळं साफ. गाइड म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीनंतरही खुणा टिकल्या नाहीत तर विषय बदला. म्हणजे माझं अख्खं वर्ष वाया.

घरी आले ती तोंड पाडूनच. बाबा मला पक्क्या रंगासाठी स्कूटरवरून भैरवगढच्या कापड-छपाईवाल्याकडे घेऊन गेले. म्हातारा हसला. "बिटिया, ये रंग कपड़ा पीता है, शंख नहीं पिएगा."

येताना मी मागच्या सीटवरून भीत भीत त्या जुन्या लाल रंगाची आठवण काढली. बाबांनी स्कूटर घराऐवजी बाजाराकडे वळवली.

बांगड्यांच्या दुकानात तेव्हा नव्या नव्या कंपन्यांच्या बाटल्यांची रांग लागलेली असे. दुकानदार बाबांचा जुना विद्यार्थी. "मास्साब, किसके लिए दिखाऊँ?"

"घोंघों के लिए," बाबा म्हणाले. पाच रंग घेतले आणि कागदात नीट गुंडाळून मागितले. ब्लेडचा राग माझ्या मनात इतकी वर्षं होता. तो त्या दुकानात गेला.

दिवाळीभर आमच्या लोणच्याच्या बरणीत मिठाचं पाणी आणि क्षिप्रेकाठून आणलेले रिकामे, रंगवलेले शंख. फराळाच्या गडबडीतही आई दोन्ही वेळा पाणी बदलायची. बाबा रोज एकेक शंख अंगठ्याने घासून बघायचे आणि "पक्का" म्हणून परत टाकायचे. निघताना त्यांनी चारच बाटल्या दिल्या.

"लाल नको. खेकड्यांना लांबून दिसेल, तेवढ्याच खाऊन टाकतील. तुझी मोजणी चुकेल."

मला ते इतकं पटलं की प्रबंधात मी तसंच लिहिलं.

खुणा टिकल्या. वरच्या बहुतेक गोगलगायी वरच सापडल्या आणि माझा विषय वाचला. एसटीडी बूथवरून कळवलं, तर बाबा फक्त "ठीक आहे" म्हणाले.

उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा आई पाय पसरून रसासाठी आंबे पिळत बसली होती. पायाची दहाही नखं लाल. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी तोंडासमोरचा पेपर हलवला नाही.

"समुद्राचं तुझं झालं," ते पेपरामागून म्हणाले. "गोड्या पाण्यात किती टिकतं, ते मी बघतोय."