बंद माळावरची गाय

ओल्या गवताचा वास आला की मला रानशेतच्या माळावरची पासष्ट वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते. मी तेव्हा गावात नवी सून होते. चरून चरून उजाड झालेला माळ गावाने चार भागांत वाटला होता. गुरं एकाच भागात चरायची, बाकीचे भाग काट्या लावून बंद ठेवायचे आणि दर पंधरवड्याला भाग बदलायचा. राखणीला एक म्हातारा होता. आमची गाय नुकतीच व्यालेली, पण तिचं दूध आटत चाललं होतं आणि बंद भागात कोवळं गवत घोट्यापर्यंत आलं होतं. म्हातारा पाठमोरा बसून भाकरी खात होता, तेवढ्यात मी काट्या ओढून गाय आत सोडली. तिच्यामागून सगळी गुरं घुसली आणि ऊन उतरेपर्यंत तो भाग मुळापर्यंत खरवडला गेला. पंचांनी विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला, “माजा डोला लागला.” त्याची राखण काढून घेतली. मी बायकांत गप्प उभी राहिले. महिन्याभराने तो वाटेत भेटला. “गाय दूध देते ना, पोरी?” मी मान हलवली. “मंग झालं,” म्हणत तो पुढे गेला. त्याने सगळं पाहिलं होतं, हे मी आजवर घरात कुणालाही सांगितलेलं नाही.