बोंबलांकडे पाठ

मंडळी, आज माझी लिहायची जागा जाता जाता वाचली.

शिकायला नांदेडहून ठाण्यात आलेय. बाळकुममध्ये एका कोळी मावशींकडे पेइंग गेस्ट राहते. खोलीत आम्ही चौघी, सतत कोणाचा तरी फोन चालू. म्हणून मावशींशी ठरवलेलं की दुपारी त्यांच्या गच्चीवर बसून मी लिहायचं आणि दोरीवर सुकत घातलेले बोंबील राखायचे.

मला तो वास अजून झेपत नाही. त्यामुळे रोज बोंबलांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसते. आजही तशीच बसलेले आणि नेहमीसारखं गावच्या घरावर लिहीत होते. कावळे कधी आले, कळलंच नाही. मावशी वर आल्या तेव्हा अर्धी दोरी रिकामी.

"काय गो, तू राखतेस का लिवतेस?"

"दोन्ही करीन मावशी. पण गच्ची बंद करू नका."

त्यांनी मला उठवलं, खुर्ची उचलून बोंबलांसमोर ठेवली आणि खाली निघून गेल्या.

नाकाला ओढणी बांधून बसले. समोर बोंबील, त्यांच्या मागे उंच टॉवर आणि कठड्यावर वाट बघणारे कावळे. वर्षभर इथे राहतेय, पण आज पहिल्यांदा गाव सोडून समोर दिसतंय ते लिहिलं. पान काही खास झालं नाही. उद्या परत तिथेच बसणार आहे, खुर्ची न फिरवता.

घर सोडून नव्या शहरात राहणाऱ्यांनो, खरं सांगा, तुमची खुर्ची कुठे तोंड करून आहे?