कार्यालयाची चूक

अण्णा गेल्याची बातमी मला आमच्याच मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली आणि खरं सांगते, आधी दुःख झालं नाही, संताप आला. सकाळचे साडेदहा वाजले होते, मी नुकतंच कार्यालय उघडलं होतं. कुणीतरी 'अण्णा शिवलकर गेले' एवढंच टाकलं होतं आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. कुठून कळलं, घरच्यांना कुणी विचारलं का, काही नाही. मी त्यांच्या सुनेला फोन लावला. तिने उचलला आणि मी काही विचारायच्या आतच ती रडायला लागली. "पहाटे झोपेतच गेले हो ताई. पण चिपळूणच्या आत्यांना कळवायचं राहिलं होतं. त्यांना मोबाईलवरच वाचायला लागलं..." ज्या माणसाने आमच्याकडून 'आधी घर, मग गाव, मग पेपर' असं पाढ्यासारखं घोकून घेतलं, त्याची स्वतःची बातमी मात्र अशी उलटी गेली. तो ग्रुप चालवते मी. म्हणजे हीसुद्धा माझीच हलगर्जी.

आमचं मंडळ खलाशांच्या कुटुंबांचं. घरातला माणूस आठ-नऊ महिने कुठल्यातरी समुद्रावर, आणि इथे आई, बायको, मुलं. मंडणगडापासून पावसच्या पुढेपर्यंत आमचे सभासद पसरलेले, आणि त्यांच्यासाठी रत्नागिरीत मांडवीला एका दुकानाच्या माळ्यावर दोन खोल्या आणि तेव्हा पगारी माणसं तीन. व्यवस्थापक अण्णा, पत्रव्यवहार आणि फोन बघणारी मी, आणि नोंदी ठेवणारी रेश्मा. अण्णा पूर्वी बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. बोटींवर नवी यंत्रं येऊन त्यांचं कामच नाहीसं झालं तेव्हा ते घरी आले आणि मंडळात बसले. आले ते बोटीवरची शिस्त घेऊनच. बाहेरून निरोप आला की तो कागदावर उतरवायचा, सांगणाऱ्याला वाचून दाखवायचा, मग खोलीतल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवायचा आणि मगच पुढे कळवायचा. सुरुवातीला मला हा नसता उपद्व्याप वाटायचा. सभेच्या चहाचा निरोपसुद्धा आम्ही दोनदा वाचायचो! मी एकदा म्हटलं, "अण्णा, आपण तीन माणसं, तीनशे नाही." ते म्हणाले, "म्हणूनच गो. तीनशे असती तर एकाची चूक दुसऱ्याने धरलीन असती. इथे कोण धरणार?"

दुसरी त्यांची रीत शनिवारची. शनिवारी दुपारी काम आवरलं की खालून भजी यायची आणि प्रत्येकाने आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. सुरुवात अण्णांपासून. "मी बुधवारी एका आजींवर फोनवर आवाज चढवला." मग रेश्मा, मग मी. कुणी कुणाला बोलायचं नाही, हसायला मात्र मुभा. आणि खोलीबाहेर ती चूक एकाची राहायची नाही. सभासदाकडे पत्र जायचं ते 'कार्यालयाच्या चुकीमुळे' असंच. मी कारण विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "नाव सांगितलं की लोकांना माणूस दिसतो, चूक दिसत नाही. मग माणूस जातो नि चूक तिथेच राहते." मला ते फार पटलं होतं. पटणारच, कारण आमच्यात सगळ्यात जास्त चुका माझ्या असायच्या.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बोटीला परदेशी बंदरात आग लागल्याचं सकाळी टीव्हीवर आलं आणि त्या बोटीवर आमच्या पावसचा संतोष साळवी होता. त्याची आई सुमतीकाकू सकाळपासून चार वेळा फोन करून झाली होती. त्या विधवा, संतोष एकुलता एक. "काय कळलं काय गो?" एवढंच विचारायच्या आणि मी "नाही अजून" म्हणाले की फोन ठेवायच्या. अण्णा सरकारकडून काही कळतं का ते बघायला कलेक्टर कचेरीत गेले होते. अकराच्या सुमाराला मुंबईहून बोटीच्या कंपनीच्या एजंटचा फोन आला. आवाज तुटत होता. "एस. साळवी सुखरूप आहे, घरी कळवा," असं तो म्हणाला. मी कागदावर उतरवलं. रेश्मा समोरून म्हणाली, "ताई, वाचून दाखव ना त्याला." मी तिला हातानेच गप्प केलं आणि त्याचा फोन ठेवून काकूंचा नंबर फिरवला. चांगली बातमी होती हो! ती वाचत काय बसायची? काकूंना मी सांगितलं, "काकू, संतोष सुखरूप आहे." त्या नुसत्या "बाय गो... बाय गो..." करत राहिल्या. त्या फोनचा मला इतका आनंद झाला होता, की मी रेश्माला मिठी मारली.

तीन वाजता एजंटचा पुन्हा फोन आला. या वेळी अण्णा कार्यालयात होते, त्यांनीच उचलला. ते उतरवत होते आणि एकेक शब्द मोठ्याने परत म्हणत होते, म्हणून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "संदेश साळवी, मंडणगड, सुखरूप. संतोष साळवी, पावस..." पुढचं ते म्हणाले नाहीत, नुसतं लिहिलं. बोटीवर दोन साळवी होते. संदेश नव्याने सभासद झालेला, त्याचा फॉर्म रेश्माच्या टेबलावर नोंदीसाठी थांबलेला. मी सकाळी वहीत साळवी बघितला, एकच सापडला आणि लगेच फोन फिरवला. अण्णांनी फोन ठेवला आणि विचारलं, "सकाळचा निरोप कुणी वाचला?" त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. "मी पावसला जातो," म्हणाले. मी त्यांच्यामागे जिना उतरले आणि रिक्षात बसले. समुद्र एका अंगाला दिसत होता आणि तो संपू नये, ती वाट संपू नये, असं मला वाटत होतं.

काकूंच्या अंगणात शेजारणी जमल्या होत्या. देवाला नारळ फुटला होता. मी कुंपणाच्या दगडी गडग्याच्या बाहेरच थांबले, चिऱ्याला हात टेकून. अण्णा एकटे आत गेले. काकू ओटीवरून लगबगीने उतरल्या आणि त्यांच्या हातावर साखर ठेवली. "या अण्णा, आधी तोंड गोड करा. तुमच्या हापिसाचे उपकार..." ती साखर मुठीत धरून अण्णांनी त्यांना सांगितलं. काय शब्दांत सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. एकच वाक्य आलं, "कार्यालयाची चूक झाली, सुमतीताई." त्यानंतर जे ऐकू आलं ते इथे लिहिता येत नाही... लिहिणारही नाही.

त्या शनिवारी भजी आली नाहीत, पण वेळ झाल्यावर अण्णा खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "माझी चूक. अशा दिवशी मी फोन सोडून गेलो." रेश्मा रडत रडत म्हणाली, "संदेशचा फॉर्म चार दिवस माझ्याकडे पडून होता." माझी पाळी होती. मला सगळं सांगायचं होतं. आणि मी म्हणाले, "या आठवड्यात माझं काही नाही." अण्णांनी मान हलवली, जणू मी खरंच सांगितलं होतं. त्यांनी टेबलावरचा त्या निरोपाचा कागद उचलून खणात ठेवला आणि आम्ही आपापल्या घरी गेलो. मी आयुष्यात अनेक वेळा खोटं बोलले आहे, पण ज्याची अजून लाज वाटते असं ते एकच.

पुढे कार्यकारिणीची सभा झाली. सभासद चिडले होते आणि ते बरोबरच होतं. अध्यक्षांनी विचारलं, "फोन कुणी केला?" अण्णा म्हणाले, "कार्यालयाने." "कार्यालय म्हणजे कोण? नाव सांगा." "कार्यालय म्हणजे मी." सुमतीकाकूंना विचारायला माणूस गेला होता, तर त्यांनी सांगितलं होतं की, फोन कुणाचा ते आता आठवत नाही. मी सभेचं इतिवृत्त लिहीत होते, ते पान मला नंतर पुन्हा लिहावं लागलं. रेश्माने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "नाव तरी द्या, नाहीतर राजीनामा तरी." अण्णांनी माझ्यासमोरचाच एक कोरा कागद ओढून घेतला. दोन ओळी लिहिल्या, मला वाचून दाखवल्या आणि सही केली. महिनाभराने त्यांची खुर्ची मला मिळाली. मी ती घेतली.

त्यानंतर आमचं बोलणं तुटलं असं नाही. ते जेट्टीवर फिरायला यायचे, मी कार्यालय बंद करून जाताना भेटायचे. बांगडा महाग झाला, सुनेला सांधेदुखी सुरू झाली, कार्यालयात नवा संगणक आला, सगळं बोलायचो. मी कडक झालेय असं ऐकून त्यांनी मला चिडवलंही होतं, "काय गो शैला, आता वाढदिवसाचा निरोप पण दोनदा वाचता म्हणे!" पण त्या एका गोष्टीपाशी आलो, की मी दुसरं काहीतरी काढायचे आणि ते मला काढू द्यायचे. मला वाटायचं, त्यांनी ते मागे टाकलं. सोयीचं होतं तसं वाटून घेणं.

शोकसभा आम्हीच घेतली. सूत्रसंचालन माझ्याकडे. अध्यक्ष भाषणात म्हणाले, "ती एक दुर्दैवी चूक सोडली, तर अण्णांची कारकीर्द निष्कलंक होती." माईक त्यांच्यानंतर माझ्याच हातात आला. मी आभार मानले आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची विनंती केली. ती दोन मिनिटं मला जन्मात विसरता येणार नाहीत. घरी आले आणि हा लेख लिहायला बसले. ती चूक अण्णांची नव्हती, माझी होती, एवढं छापून यायला हवं म्हणून. लिहून झाल्यावर रेश्माला वाचायला दिला. तिने शुद्धलेखनाच्या तीन चुका दाखवल्या, मग कागद माझ्याकडे देताना म्हणाली, "ताई, काकूंनी हे पेपरात वाचायचं का?"

म्हणून गेल्या रविवारी पावसला गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा तो गडगा ओलांडला. सुमतीकाकू आता खूप वाकल्यात. ओटीवर कोकमाची सोलं वाळत घातली होती, ती उलथत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, बसले असते तर धीर गेला असता. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला तुझा फोन यायचा. आवाज वळखणार नाय होय मी? त्याच दिवशी अण्णांना सांगितलं, ती शैला होती म्हणून. तर म्हणाले, ती येईल सांगायला. येईपर्यंत तुम्ही कुणाला नाव सांगू नका."

मी ओटीच्या पायरीवर बसले.

"दर वर्षी गणपतीच्या आधी यायचे. संतोषच्या फोटोला हार घालायचे नि जाता जाता विचारायचे, ती येऊन गेली काय? यंदा पण विचारलंनी." काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मी नाय म्हटलं."

त्यांनी मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही आणि त्याही बोलल्या नाहीत. परतताना एस.टी.त मला अण्णांचा भयंकर राग आला. आठ वर्षं! जेट्टीवर शंभर वेळा भेटलो असू, एकदा तरी म्हणायचं, 'शैला, पावसला जाऊन ये.' दुसऱ्या दिवशी गेले असते मी. रत्नागिरीचा स्टँड येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. उतरताना मात्र कळलं, की त्यांनी सांगितलं असतं तर मी अण्णांचा शब्द पाळायला गेले असते, काकूंना सांगायला नाही.