पटांगणात केलेला जिल्हा

गणपतीच्या आधी मंगळवार पेठेतून जाताना ओल्या शाडूचा वास आला, की माझं डोकं अजून तापतं.

सत्तर सालच्या सुमाराला मी शाहूवाडीकडच्या एका शाळेत चौथीला शिकवत होते. भूगोल कळावा म्हणून पोरांनी आणि मी पटांगणात ओढ्याकाठच्या मातीचा अख्खा जिल्हा केला होता. डोंगर हातांनी थापले, नद्यांच्या खाचांत तांब्यानं पाणी सोडलं. आपल्या गावावरून निघालेलं पाणी वारणेकडं वळलं, तेव्हा शेवंता नावाची मुलगी हरखून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. हेडमास्तर म्हणाले, "बाई, हा चिखल न्हाय चालायचा. पोरांनो, तुडवून सपाट करा."

"तुडवायचा तर तुम्ही तुडवा," मी म्हणाले. "ज्यांनी केलाय त्यांना लावू नका."

त्यांनी छडी उचलली. पोरं मुकाट्यानं तुडवू लागली. शेवंता रडत रडत स्वतःच्याच गावावर पाय देत होती.

साहेब चहा पिऊन गेले, वर्गात आलेच नाहीत.

तेव्हा मला राग नकाशा मोडल्याचा होता. तो आम्ही पुढं पुन्हा केला. पण कुणी तुडवा म्हटलं, की आपण केलेलं आपणच तुडवायचं, हे त्या दिवशी पोरांना शिकवलं गेलं, आणि तेही शाळेत.