श्वास धरून दिलेलं माप

पिलाटेस नावाच्या व्यायामाच्या क्लासात आज तिसऱ्या दिवशीही शिकवणारी मुलगी माझ्या बरगड्यांना हात लावून म्हणाली, "काकू, श्वास धरून ठेवू नका. बरगड्या दोन्ही बाजूंना फुलू द्या."

माझं डोकंच फिरलं. पन्नाशीच्या बाईला ही श्वास घ्यायला शिकवणार!

पण आरशात पाहिलं, तर मी खरंच श्वास रोखून उभी होते, अगदी ब्लाउजचं माप देताना उभी राहते तशी. "पोट आत घे," आई दरवेळी बजावायची. आणि मी मूर्ख, इंचभर कमी भरलं की खूश व्हायचे. म्हणजे कपाटातला एकेक ब्लाउज श्वास न घेणाऱ्या बाईच्या मापाचा!

उद्याच शिंपीणबाईंकडे जाते. आधी छाती भरून श्वास घेईन, मगच म्हणेन, "हं, आता लावा टेप."