सुकूकमुळे की सुकूकसोबत

कंपन्यांच्या बाँडचा अभ्यास करते, असं मी आईला सांगितलं तेव्हा फोनवर तिचा आवाज एकदम बारीक झाला. तिच्या माहितीतला बाँड एकच. शेजारच्या इंजिनिअर मुलाने नोकरी लागताना लिहून दिलेला, दोन वर्षं सोडून जाणार नाही म्हणून. तुझ्याकडूनही लिहून घेतलं का, असं तिने विचारलं. मी समजावलं, की हा बाँड वेगळा. यात कंपनी लोकांकडून कर्ज घेते आणि व्याज देते, त्यामुळे बांधली जाते ती कंपनी, मी नाही. आईचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण माझा व्हिसा याच नोकरीच्या स्पॉन्सरशिपवर होता आणि नवरा नि मुलगी माझ्या व्हिसावर. बाँड काही मी लिहून दिला नव्हता, पण सुटका तेवढीच अवघड होती.

आमची कंपनी लोकांच्या पेन्शनचे पैसे गुंतवते. ऑफिस क्रॉयडनला आणि आम्ही राहतो पिनरला. म्हणजे रोज अख्खं लंडन ओलांडायचं. फॅरिंग्डनला गाडी बदलायची आणि पुढच्या गाडीत उभं राहूनच डुलक्या काढायच्या. ट्रामच्या स्टॉपपलीकडे व्हिसाचं सरकारी ऑफिस आहे. तिकडे न बघता जायची मी सवय लावून घेतली होती. पहिल्या वर्षी या प्रवासाचं कौतुक होतं. आता नुसता कंटाळा येतो, आणि कंटाळ्याचाही कंटाळा येतो.

त्या वर्षी कंपनीला सुकूकचा नवा फंड काढायचा होता. सुकूक म्हणजे इस्लामी पद्धतीचे रोखे. व्याज घेणं त्यांच्यात निषिद्ध, म्हणून पैसे देणाऱ्याला कंपनीच्या एखाद्या इमारतीत किंवा यंत्रात वाटा मिळतो आणि त्याचं भाडं मिळतं. बाँडवाल्याला व्याज, सुकूकवाल्याला भाडं. माझ्या मॅनेजरने मला विचारलेला प्रश्न वरवर साधा होता: सुकूक काढणाऱ्या कंपन्या बाँड काढणाऱ्यांपेक्षा चांगल्या चालतात का?

मी मलेशियातल्या आणि आखाती देशांतल्या कंपन्यांचे ताळेबंद घेऊन बसले. पहिल्या फेरीत उत्तर आलं, हो, चालतात. सुकूकवाल्यांचा नफा जरा बरा दिसत होता. मॅनेजर खूश झाला, मीही झाले. मग नीट बघितलं तर सुकूक काढणाऱ्या बऱ्याच कंपन्या मुळातच मोठ्या, जुन्या, डोक्यावर कर्ज कमी असलेल्या होत्या. त्या बाँड काढून बसल्या असत्या तरी चांगल्याच चालल्या असत्या. सारख्याला सारखी कंपनी लावून पाहिली आणि फरक जवळजवळ नाहीसा झाला. सुदृढ माणसं व्यायामशाळेत जास्त दिसतात, म्हणून आत पाऊल टाकताच माणूस सुदृढ होतो असं नाही, तसंच हे.

म्हणून मी रिपोर्टमध्ये लिहिलं, की सुकूकसोबत चांगली कामगिरी दिसते, पण ती सुकूकमुळे आहे असं म्हणता येत नाही. रिपोर्ट परत आला तेव्हा दुसरं अर्धं वाक्य गायब होतं आणि पहिल्यात 'विथ'च्या जागी 'बिकॉज ऑफ' आलं होतं. मराठीत बघायला गेलं तर एक 'मुळे'. खाली माझं नाव तसंच होतं. मला मनापासून राग आला. त्याहून जास्त थकवा आला, कारण आता भांडायला उठावं लागणार होतं.

आमच्या टीममध्ये एक सहकारी होती, लेस्टरला वाढलेली, गुजराती मुसलमान घरातली. आम्ही दोघी हिंदी-इंग्रजीची भेळ करून बोलायचो. मला वाटलं होतं, सुकूकची बाजू ती घेईल. तिने ते वाक्य वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

"माझ्या अब्बांनी असल्या फंडात पैसे ठेवले ते व्याज नको म्हणून," ती म्हणाली. "यात जास्त मिळतं असं कुणी सांगितलं असतं, तर त्यांना उलट संशय आला असता."

मी मॅनेजरकडे गेले. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याही डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं होती आणि त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, गिऱ्हाईक इतकं बारीक वाचत नाही. मी म्हटलं, मग जुनंच वाक्य ठेवू या. त्यावर तो हसला आणि सहज बोलावं तसं म्हणाला, "तुझ्या व्हिसाचं एक्स्टेन्शन याच महिन्यात येतंय ना माझ्याकडे?"

त्याने धमकी दिली की नुसती आठवण करून दिली, हे मला अजून कळलेलं नाही. इथली माणसं इतक्या मऊ आवाजात बोलतात की लागलं कुठे ते घरी गेल्यावर समजतं. मुलगी पुढच्या वर्षी जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, बसणार होती. स्पॉन्सरशिप गेली असती तर थोड्या आठवड्यांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. तरी मी म्हटलं, 'मुळे' राहणार असेल तर माझं नाव काढा.

नाव काढलं गेलं. रिपोर्ट 'मुळे'सकट छापला गेला. मी त्यानंतर काही बोलले नाही, वरपर्यंत तक्रार नेली नाही. त्राण नव्हतं. फंड निघाला आणि बरा चाललाय. कशामुळे, ते मला विचारू नका.

दोन आठवड्यांनी मॅनेजरने स्पॉन्सरशिपच्या कागदावर सही केली. माझं काम चांगलं म्हणून केली, की मी गप्प बसले म्हणून, की नवीन माणूस शोधायचा त्याला कंटाळा म्हणून? आयुष्यभर आकडे चाळून असल्या प्रश्नांची उत्तरं देते, या प्रश्नाचं देता येत नाही. ताडून बघायला माझ्यासारखीच दुसरी बाई हवी, जी गप्प बसली नाही. ती कुठून आणायची?

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात टोस्ट खात उभी होती. बाबाने तिला आधीच सांगितलं होतं.

"म्हणजे माझा शाळा आता बदलणार नाही?" तिने विचारलं.

एरवी मी 'माझी शाळा' म्हणायला लावते. त्या दिवशी नुसतं 'नाही' म्हटलं आणि कोट न काढता खुर्चीत बसले. तिने टोस्टची बशी माझ्यापुढे सरकवली.

"तुझ्यामुळे राहिलो ना आपण?"

ती माझ्याकडे बघत उभी होती. तो 'मुळे' खोडणारं वाक्य अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. मी हो म्हटलं.